जॉनी इंग्लिश आमच्या कपाटात राहू द्या

प्रति,
चित्रपटांच्या होम व्हिडिओचे हक्क सांभाळणारे स्टुडिओ, त्यांचे भारतातले वितरक आणि ओटीटी कंपन्या

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत बारा वर्षं माझी सीडी लायब्ररी होती. दहा बाय बाराचा गाळा, तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर नुसती रिकामी कव्हरं आणि खऱ्या डिस्क माझ्या पाठीमागच्या खणांत, नंबर टाकून. दिवसाचं भाडं दहा रुपये, डिपॉझिट दोनशे. २०१५ साली शटर ओढलं ते कायमचं. धंदा गेला म्हणून हे पत्र लिहीत नाही, धंदे येतात आणि जातात. एका पिक्चरसाठी लिहितोय. गेलं वर्षभर त्या एका पिक्चरची धड चालणारी प्रत मिळवायच्या खटपटीत आहे आणि ती मिळत नाही.

पिक्चरचं नाव 'जॉनी इंग्लिश रीबॉर्न'. २०११चा, ऑलिव्हर पार्करने दिग्दर्शित केलेला. रोवन ॲटकिन्सन म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा मिस्टर बीन आठवतो, पण मला त्याचा हा अवतार जास्त जवळचा. स्वतःला जेम्स बॉन्ड समजणारा आणि हात लावेल ते काम बिघडवणारा ब्रिटिश हेर. हे पात्र मुळात सिनेमासाठी जन्मलेलंच नाही. नव्वदच्या दशकात बार्कलेकार्ड या क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींत ॲटकिन्सन असाच एक गोंधळी हेर करायचा, त्यातून हा पुढे उभा राहिला. पहिला भाग २००३चा. त्याच्या लेखकांत नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड होते, म्हणजे खऱ्या बॉन्डपटांचेच लेखक. आठ वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात इंग्लिश मोझांबिकमधल्या फजितीनंतर तिबेटच्या मठात जाऊन राहिलाय. तिथून त्याला परत बोलावतात, कारण चीनच्या पंतप्रधानांच्या जिवावर कुणीतरी उठलंय.

तीन भागांत मला हाच सगळ्यात चांगला वाटतो. पहिल्या भागात इंग्लिश नुसताच बावळट आहे. दुसऱ्यात त्याचं वय झालंय आणि त्या वयाचं एक शहाणपण त्याला आलंय. पाठलागाचा प्रसंग बघा. पुढे पळणारा तरुण भिंतींवरून, पत्र्यांवरून माकडासारखा उड्या मारतोय, धापा टाकतोय. मागे इंग्लिश आरामात चालतोय. तो उडी मारून कुंपण ओलांडतो, हा फाटक उघडून जातो. तो लटकत लटकत खाली उतरतो, हा लिफ्ट घेतो. आणि शेवटी गाठतोच. आमच्या लायब्ररीत हा पिक्चर नेणारे साठीच्या पुढचे लोक पुष्कळ होते, त्याचं कारण मला वाटतं हाच एक प्रसंग.

त्यातले एक माझे वडील. अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस-बत्तीस वर्षं इंजिनाच्या आवाजाशेजारी उभं राहून कान गेले. रिटायर झाल्यावर तर टीव्हीवरची बातमीसुद्धा त्यांना ओठांवरून ओळखावी लागायची. कानाचं मशीन घेतलं, पण त्यात शिट्टी वाजते म्हणून ते डबीतच पडून असतं. २०१२च्या उन्हाळ्यात पुण्याहून माल आणला त्यात या पिक्चरची डीव्हीडी होती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, म्हणून अण्णांना दाखवायला लावली. माझी अपेक्षा एवढीच की त्यांचा वेळ जाईल.

त्यात एक खुर्ची आहे. ब्रिटनच्या पंतप्रधानांबरोबर बैठक चाललीय, विषय गंभीर, सगळ्यांचे चेहरे ताठ. इंग्लिश बसलाय ती खुर्ची वर-खाली करायच्या दांड्याची. दांड्याला हात लागतो आणि तो हळूहळू, एका लयीत खाली जाऊ लागतो. चेहऱ्यावर काही नाही. बैठक चालू, हा खाली. मग सावरायला जातो आणि वर येऊ लागतो, येतो तो गरजेपेक्षा वर. परत खाली. समोरचे बोलायचं थांबत नाहीत आणि हाही आपण ऐकतोय असंच दाखवतो. एवढाच प्रसंग. त्यातला शब्द ऐकू नाही आला तरी काहीच अडत नाही.

अण्णांना हसताना आवाज येत नाही, खांदे हलतात. त्या दिवशी खांदे इतके हलले की मी पाण्याचा तांब्या घेऊन उठलो. डोळे पुसून म्हणाले, "मागं घे." मी मागे घेतला. परत तेच. अकरा वेळा मागे घेतला मी तो प्रसंग त्या दुपारी. डीव्हीडीचं हे बरं होतं, रिमोटवरचं एक बटण दाबलं की प्रसंगाच्या तोंडाशी. पुढे ती डिस्क मी भाड्याने देणं बंद केलं. नंबर खोडला आणि घरी नेली.

विनोदी सिनेमाचं आणि घराचं नातं तुम्हाला मी सांगायला नको, तुमचा पैसाच त्यातून उभा राहिलेला आहे. ऑस्टिन पॉवर्सचंच घ्या, तोही विनोदी हेरपटच. १९९७ला पहिला भाग आला तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत त्याची अख्खी कमाई साधारण ५ कोटी ४० लाख डॉलरची. वाईट नाही, पण डोळे दिपावेत अशीही नाही. मग त्याची कॅसेट निघाली, डीव्हीडी निघाली आणि लोकांनी तो घरी बसून पुन्हा पुन्हा बघितला. संवाद पाठ झाले, कॉलेजात नकला सुरू झाल्या. दोन वर्षांनी दुसरा भाग आला आणि पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारातच ५ कोटी ४९ लाख डॉलर घेऊन गेला, म्हणजे पहिल्याने जन्मभरात कमावले त्याहून जास्त. ते प्रेक्षक थिएटरने तयार केलेले नव्हते, घरातल्या सोफ्यांनी तयार केलेले होते. २००८मध्ये 'गेट स्मार्ट' हा आणखी एक विनोदी हेरपट थिएटरात लागला तेव्हा त्यातल्या दोन दुय्यम पात्रांना घेऊन एक वेगळा सिनेमा केवळ डीव्हीडीसाठी काढला गेला होता, मूळ सिनेमा लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत. इतका विश्वास होता तेव्हा त्या गोल चकतीवर.

मी हे माझ्या दुकानात, माझ्या हाताने अनुभवलंय. परत आलेली डिस्क आम्ही उजेडात तिरकी धरून बघायचो. मागच्या बाजूला ओरखडे किती आणि कुठे, यावरून दंड लावायचा की नाही ते ठरायचं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की गाजलेले, बक्षिसं मिळालेले गंभीर सिनेमे चकचकीत परत येतात. लोक एकदा बघायचे, वाहवा करायचे आणि देऊन टाकायचे. ओरखडे असायचे ते विनोदी सिनेमांना आणि लहान मुलांच्या सिनेमांना, कारण त्या डिस्क परत परत काढल्या-घातल्या जायच्या. त्याच डिस्क लवकर मरायच्या आणि त्याच मला पुन्हा विकत घ्याव्या लागायच्या. लोकांचं सिनेमावरचं प्रेम मोजायचं याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही.

आणि लोक पैसे देत नाहीत, फुकटात मागतात, हे तुमचं म्हणणंही मला मान्य नाही. स्टँडबाहेर चोरीच्या सीड्या पसरून बसणाऱ्यांनी आमचं कंबरडं मोडलं होतं, हे खरं. थिएटरात कॅमेरा लपवून काढलेल्या त्या प्रिंटा, मध्येच कुणीतरी उठून पडद्यासमोरून जातोय. पण मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली तेव्हा काय झालं? माझी तीच गिऱ्हाइकं ओरिजिनल घ्यायला लागली. रिक्षावाले, शाळेतल्या बाई, हॉस्टेलची पोरं, सगळे. घरात शोकेसमध्ये उभ्या लावून ठेवायचे, पुस्तकांसारख्या. भाव आवाक्यात आणि माल समोर असला की साताऱ्यातला माणूस चोरीच्या मालाला हात लावत नाही, हे मी बघितलंय.

आता माझी अडचण. घरातली ती डिस्क इतकी हाताळली गेलीय की ओरखड्यांनी आता अडकते. म्हणून नवी घ्यायला निघालो. साताऱ्यात डिस्क विकणारं आता कुणी उरलेलं नाही. पुण्यात गेलो, जिथून माल उचलायचो त्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली. हे व्हायचंच होतं म्हणा. १९९८पासून टपालाने डीव्हीडी घरपोच देणाऱ्या नेटफ्लिक्सनेही २९ सप्टेंबर २०२३ला शेवटची डिस्क पाठवून तो विभाग बंद केला. जगच त्या बाजूला चाललंय. पण ज्या वस्तूचा खप कमी होतो ती छापणं थांबवायलाच हवं असं थोडंच आहे? पुस्तकाच्या हजार प्रती निघतात, संपल्यावर परत हजार निघतात. तुम्हीही मागणी नोंदवून घ्या, पाचशे जमल्या की पाचशे छापा. लागेल तेवढी वाट बघायची आमची तयारी आहे.

मग भाच्याला सांगितलं. तो इंग्लंडात लेस्टरला असतो, दिवाळीला आला तेव्हा तिथून नवी कोरी डीव्हीडी घेऊन आला. अण्णांना खाटेवर टेकून बसवलं, डिस्क आत सारली. प्लेअर दोनदा घरघरला आणि पडद्यावर ओळ आली की या प्रांतात ही डिस्क चालणार नाही. रीजन कोड. तुम्ही डीव्हीडीसाठी जगाचे तुकडे पाडलेत, त्यात ब्रिटन दोन नंबरात, अमेरिका एक नंबरात आणि आपण पाच नंबरात. पैसे देऊन रीतसर विकत घेतलेली वस्तू, पावती सोबत, आणि आमच्या घरात ती चालत नाही. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय सांगायचं हेच मला सुचेना. "अण्णा, हा पलीकडच्या डेपोचा पास आहे, आपल्या गाडीत चालत नाही," असं लिहून दाखवलं, तेव्हा त्यांना कळलं. कळलं, पण पटलं नाही. एसटीचा पास अख्ख्या महाराष्ट्रात चालतो, म्हणाले.

हे प्रांत पाडले गेले तेव्हा त्याला एक कारण होतं. सिनेमा अमेरिकेत आधी लागायचा, इथे सहा-आठ महिन्यांनी, आणि मधल्या काळात तिथली डिस्क इथे येऊ नये म्हणून कुंपण. पण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी जगभर लागून गेलेल्या सिनेमाला आता कसलं कुंपण? तुमच्याच नव्या ४के डिस्कला प्रांत नाहीत, ती कुठल्याही देशातली कुठेही चालते. म्हणजे कुंपणाशिवाय तुमचं भागतं. मग जुन्या सिनेमांच्या नव्या छपाईवरूनही ते काढा.

याच सिनेमाच्या बाबतीत तर हे फारच लागतं मनाला. 'जॉनी इंग्लिश रीबॉर्न'ने जगभरात साधारण १६ कोटी डॉलर कमावले. त्यात अमेरिकेचा वाटा फक्त ८३ लाखांच्या आसपास. शंभरातले पाच. उरलेले पंचाण्णव बाकीच्या जगाने दिले. पहिल्या भागाच्या वेळी अमेरिकेने २ कोटी ८० लाख डॉलर तरी दिले होते, दुसऱ्याला ती आणखी पाठ फिरवून बसली आणि तरीही सिनेमा पहिल्याइतकाच कमावून गेला, इतका बाकीच्या जगाने त्याला उचलून धरला. अशा सिनेमाचा घरी बघायचा माल काढताना बाकीचं जग आधी डोळ्यांसमोर यायला हवं.

तिसरा मार्ग म्हणजे ओटीटी. मुलीने तिच्या मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिलं. पैसे भरले, पिक्चर सापडला, चित्र आमच्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पंधरा-वीस दिवस अण्णांनी रोज दुपारी लावला. मग एका सोमवारी तो तिथे नव्हता. नाव टाकलं तर भलतेच चार सिनेमे पुढे आले. ग्राहकसेवेला विचारलं, तर हक्कांची मुदत संपली असं उत्तर. आधी एक ओळ कळवली असती तर? लायब्ररीत एखादं पुस्तक काढून टाकायचं असेल तरी फळ्यावर सूचना लागते. तुम्ही एवढं तरी करा की जाणाऱ्या सिनेमाची तारीख महिनाभर आधी त्याच्या नावाखाली ठळक लिहा. ज्यांनी तो गेल्या काही महिन्यांत बघितला असेल त्यांना निरोप पाठवा. तुमच्याकडे कोण काय बघतं याची नोंद असतेच.

आणि 'विकत घ्या' असं बटण देऊन पुढे फक्त बघायचा परवाना देण्याचा प्रकार थांबवा. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५पासून कायदाच लागू आहे. गिऱ्हाइकाला खरोखरची मालकी मिळत नसेल आणि दिलेली वस्तू नंतर काढून घेता येणार असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. हॉलिवूड ज्या राज्यात आहे तिथला हा कायदा. तिथल्या गिऱ्हाइकाला जे खरं सांगता ते इथल्यालाही सांगा.

भाच्याची डिस्क त्याच्या लॅपटॉपवर मात्र चालली. ती लावून बसलो तेव्हा मला पुन्हा आठवलं की ओटीटीवर बघताना आपलं काय काय गळत होतं. या सिनेमात श्रेयनामावली सुरू झाल्यावरही उठायचं नसतं. इंग्लिश सिनेमाची नायिका केट हिच्यासाठी स्वयंपाक करतोय, मागे एडवर्ड ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराचं संगीत चाललंय, आणि चिरणं, ढवळणं, फोडणं सगळं त्या तालावर. संगीत हळू सुरू होतं आणि पुढे वेडंपिसं होत जातं, तसतसे त्याचे हात. एकही शब्द नाही. ॲटकिन्सन काय ताकदीचा नट आहे हे बघायचं तर तेवढी दोन-तीन मिनिटं पुरेत. आणि ओटीटीवर नावं सुरू झाली रे झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढचा सिनेमा दहा सेकंदांत सुरू होतो म्हणून आकडे उलटे पळायला लागतात. अण्णांच्या हाताला रिमोट सापडेपर्यंत इंग्लिशचा स्वयंपाक गेलेला. ज्या माणसांनी तो प्रसंग एवढा मेहनतीने बसवला त्यांच्याबद्दल तरी थोडा विचार करा. आपणहून पुढे पळायची ही सवय मुळात बंद असू द्या, ज्याला हवी तो सुरू करेल.

दिग्दर्शक पार्कर आणि पटकथाकार हमिश मॅकॉल यांनी या सिनेमाच्या डिस्कसाठी कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना मागे ऐकायचं बोलणं, केलेली आहे, वगळलेली दृश्यं आहेत. ओटीटीवर मला यातलं काही सापडलं नाही. माझ्याकडे पूर्वी नाटकवाली पोरं यायची, एकांकिका स्पर्धेची तयारी करणारी. ती मुद्दाम अशा डिस्क मागायची. हसू येतं ते नेमकं कुठल्या क्षणाला, प्रसंग दोन सेकंद लांबवला तर काय होतं, कापलेलं दृश्य वाईट नव्हतं तरी का कापलं, हे त्यांना त्यातून उमगायचं. त्यातला एक मुलगा आज मालिकांचं संकलन करतो. तो म्हणतो, माझं फिल्म इन्स्टिट्यूट तुमच्या गाळ्यात होतं. या सगळ्या फायली तुमच्याकडे तयार पडलेल्या आहेत. त्या सिनेमाच्या खाली लावायला काय लागतं?

नव्याने बघताना माणसंही नव्याने भेटतात. इंग्लिशच्या हाताखाली दिलेला तो पोरगेला एजंट टकर आठवतो? तो डॅनियल कालुया. २०२१मध्ये त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बंदूक घेऊन फिरणारी ती म्हातारी सफाईवाली म्हणजे पिक-सेन लिम, आमच्या पिढीने 'माइंड युअर लँग्वेज' या ब्रिटिश विनोदी मालिकेत पाहिलेली चिनी विद्यार्थिनी. आणि इंग्लिशची रोल्स-रॉइस फँटम! तिच्यात ९ लिटरचं, १६ सिलिंडरचं इंजिन आहे. कंपनीने प्रयोगासाठी अशी मोजकीच इंजिनं केली होती, ॲटकिन्सन गाड्यांचा दर्दी म्हणून त्याने ते मागून घेतलं. हे मी अण्णांना पाटीवर लिहून सांगितलं तेव्हा त्यांनी सोळा या आकड्याखाली बोटाने दोनदा रेघ ओढली. आपल्या गाडीला सहा असायचे, म्हणाले.

पाटीवर लिहिण्यावरून सगळ्यात महत्त्वाचं मागणं. मराठी सबटायटल्स द्या. खुर्चीला भाषा लागत नाही, स्वयंपाकाला लागत नाही, पण सिनेमात बाकीचं बोलणं आहेच. ब्रिटनची गुप्तचर संस्था एका जपानी कंपनीने प्रायोजित केल्यामुळे तिचं नावच 'तोशिबा ब्रिटिश इंटेलिजन्स' झालंय, हा विनोद अण्णांना मी लिहून दाखवला तेव्हा कळला. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठी झरझर वाचतात, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. ज्यांचे कान गेलेत आणि ज्यांना इंग्रजी येत नाही अशा माणसांसाठी तुमच्या सिनेमात आज काहीच नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आम्ही ८ कोटी ३० लाख होतो, हा सिनेमा आला त्याच वर्षी. डीव्हीडीच्या रचनेतच ३२ सबटायटल्सची आणि आठ भाषांतल्या आवाजाची सोय आहे. जागा पहिल्यापासून होती. ओटीटीवर तर जागेचा प्रश्नच नाही, अख्ख्या सिनेमाच्या सबटायटल्सची फाइल मोबाइलमधल्या एका फोटोएवढीही नसते. भाषांतर करणारी चांगली माणसं महाराष्ट्रात आणि गोव्यात ढिगाने आहेत, त्यांना योग्य मोबदला द्या. यंत्रातून काढलेलं ओबडधोबड मराठी मात्र नको. विनोद शब्दाच्या जागेवर उभा असतो, शब्द एक घर सरकला की मेला. आणि कान गेलेल्यांसाठी वेगळी सबटायटल्स असतात, ज्यांत फोन वाजला, दार आपटलं, संगीत सुरू झालं हेही लिहिलेलं असतं. तशी द्या. ग्रीगचं संगीत वेग घेतंय एवढं अण्णांना वाचायला मिळालं तर त्या हातांची गंमत दुप्पट होईल.

तुमच्यातला कुणी म्हणेल, मूळ प्रत आमच्या गोदामात सुरक्षित आहे, सामान्य माणसाने स्वतःची प्रत कशाला बाळगायची? ज्या देशातला हा सिनेमा, तिथलंच उदाहरण देतो. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेप महाग म्हणून आपल्याच कार्यक्रमांवर दुसरे कार्यक्रम रेकॉर्ड केले. त्यात विनोदी मालिका पुष्कळ गेल्या. 'डॅड्ज आर्मी' ही त्यांची लाडकी मालिका, तिच्या दुसऱ्या पर्वातले भाग असेच नाहीसे झाले. त्यातले दोन २००१मध्ये परत मिळाले, ते एका खाजगी माणसाकडे पडलेल्या रिळांमुळे. तीन भाग अजून नाहीत. मालकाने टाकून दिलेली वस्तू एका परक्या माणसाने जपली म्हणून दोन तरी उरले. आणि तेव्हाही कुणाला असंच वाटलं असणार, विनोदी तर आहे, त्याचं काय जपायचं. हेच मला अजून दिसतं. मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या सिनेमांच्या जाड पुठ्ठ्याच्या पेट्या निघतात, पुस्तिका निघतात, त्या निघायलाच हव्यात. पण विनोदी हेरपटाचा दुसरा भाग कुणाच्या यादीत नसतो. ज्या डिस्कवर सगळ्यात जास्त ओरखडे पडले तीच पुन्हा छापली जात नाही, हा हिशेब मला लायब्ररीवाला म्हणून समजत नाही.

अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. दुपारी जेवण झालं की अजून खुणेने खुर्ची मागतात, तळहात वर-खाली करून. मी तीच २०१२ची डिस्क मऊ फडक्याने आतून बाहेर पुसतो, केंद्रापासून कडेकडे, गोल नाही, आणि आत सारतो. ती चालते. बैठक सुरू होते, दांड्याला हात लागतो, इंग्लिश खाली जायला लागतो आणि नेमका खाली गेल्यावर प्लेअर अडकतो. ओरखडा नेमका तिथेच आहे, आम्हीच पाडलेला. चित्र थिजतं. इंग्लिश टेबलाच्या कडेशी तसाच, चेहऱ्यावर काही नाही. कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं. अण्णा थोडा वेळ वाट बघतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "वर काढ की त्याला."

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक जुना सीडी लायब्ररीवाला
सातारा